बन्सीधररावांचा पहारा

आमच्या गावात आजार ही सांगायची गोष्ट आहे. ज्याला शुगर आहे तो हॉटेलात बिनसाखरेचा चहा मागतो, तेव्हा चार माणसांनी कारण विचारावं एवढ्या मोठ्यानं मागतो. गुडघ्याची वाटी बदललेला माणूस वर्षभर पाहुण्यांना एक्स-रे दाखवतो. एकाच आजाराला गावात बसायला जागा नाही, आणि नेमका तोच बन्सीधररावांना होता.

बन्सीधरराव बी.ए. झालेले. देवगाव फाट्यावर त्यांचं कृषी सेवा केंद्र. ठिबकच्या नळीत क्षार साचून पाणी तुंबलं की काय करायचं, हे ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून सांगत. "तुंबूस्तोवर थांबायचंच कामून? अधूनमधून टोकाचं बूच काढायचं, नळी मोकळी करायची." गिऱ्हाईक मान हलवी. बन्सीधररावांचं स्वतःचं बूच मात्र आठवडा-आठवडा निघत नसे.

याचं मूळ घराच्या बांधकामात होतं. गवंड्यानं खड्ड्याला सोयीचं पडतं म्हणून संडास घरापुढं, ओट्याला लागून बांधला. दार पत्र्याचं, तेही ओट्याकडं उघडणारं. सकाळी ओट्यावर माणसं बियाण्याची चौकशी करायला येऊन बसत. त्यांच्यासमोरून आत जायचं, आणि आतला आवाज न् आवाज त्या पत्र्यातून त्यांना ऐकू द्यायचा, हे शिकलेल्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. बन्सीधरराव माणसं उठायची वाट बघत. माणसं उठत नसत. कळ यायची, थोडा वेळ ताटकळायची, कुणी दखल घेत नाही म्हणून निघून जायची. वर्षानुवर्षं असा अपमान झाल्यावर तिनं येणंच कमी केलं. मग चूर्ण सुरू झालं. चूर्णाचा डबा दुकानात, तणनाशकाच्या खोक्यामागं असे. बायकोलाही, सत्यशीलाबाईंनाही, त्याचा पत्ता नव्हता.

घरातली दुसरी भानगड उलटी होती, निदान बन्सीधररावांच्या मते. मुलगा हरिओम पूर्णेला रेल्वेत. तो सुट्टीला येई. सून राजेश्री आणि तिसरीतली नात ऋतिका गावाकडं. ऋतिकाची चड्डी दिवसातून कधीही खराब व्हायची. थोडीशीच, पातळ, आणि तिचं तिलाही कळायच्या आत. शाळेतून बाई घरी पाठवून द्यायच्या. वर्गातल्या पोरी तिच्या बाकावर बसत नसत. बन्सीधररावांनी रोगाचं निदान स्वतःच केलं: पोट ढिलं आहे. उपायही स्वतःच केला: दूध बंद, भाज्या बंद, साबुदाणा आणि भात चालू, आणि फाट्यावरच्या मेडिकलमधून हगवण थांबायची गोळी. गोळी दिली की चार दिवस बरे जात. पाचव्या दिवशी जास्तच घाण होई, मग बन्सीधरराव ओरडत, "एवढी मोठी झालीस, कळत न्हाई का तुला?"

ऋतिका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, पायावर पाय चढवून उभी राही.

राजेश्रीनं एकदा धीर केला. पदर नीट करून सासऱ्यांना म्हणाली, "मामा, परभणीला लहान लेकरांच्या डॉक्टरीण हायत. एकदा दाखवून आणते."

"आन् लोकांनी इचारलं की कशाला गेलता, तर काय सांगायचं?"

"पोट दुखायलंय म्हणून सांगू."

"पोट दुखायला परभणी लागती का? पोरीची जात हाय. उद्या हिचं लग्न करायचंय का न्हाई?"

उद्या म्हणजे अजून पंधरा वर्षांनी. पण बन्सीधरराव दूरचं बघणारे होते. दवाखाना तिथंच राहिला.

अशात गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला. सप्ताह म्हणजे सात दिवस देवळात नामस्मरण थांबायचं नाही, आणि खांद्यावरची वीणा जमिनीला टेकायची नाही. एका माणसानं दोन तास वीणा घेऊन उभं राहायचं, त्याला पहारा म्हणतात. वेळ झाली की पुढचा माणूस येणार, वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवणार, गळाभेट घेणार आणि वीणा आपल्या गळ्यात घालून घेणार. मधल्या वेळात येणारा-जाणारा वीणेकऱ्याच्या पाया पडतो, कारण वीणा खांद्यावर असेतो तो माणूस नसतो, देवाचा असतो. बन्सीधररावांना दुपारचा, पंगत उठल्यानंतरचा पहारा मिळाला होता. सोबतीला टाळ घेऊन म्हातारे वैजीनाथअण्णा, त्यांना ऐकू येत नव्हतं.

घरी त्यांनी आधीच बजावलं होतं, "ऋतिकाला मांडवात आणायचं न्हाई. सतरंजी खराब झाली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई." ऋतिकाला टाळ वाजवायचा होता. ती रडली नाही. तिला माहीत होतं.

सप्ताहात रोज पंगत. पुरी, बुंदी, वांग्याची भाजी तेलात बुडालेली, आणि पाणी प्यायला उठावं तर वाढपी पुन्हा बुंदी घेऊन उभा. सहाव्या दिवशी बन्सीधररावांचं पोट खळ्यावरच्या दगडासारखं झालं. सप्ताह बसल्यापासून एकदाही झालं नव्हतं. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं म्हणजे सांगायचं. त्यांनी सकाळी दुप्पट चूर्ण घेतलं. काही होईना म्हणून स्वयंपाकघरातून एरंडेलाची बाटली उचलून वरून तेही घेतलं. हिशोब असा, की संध्याकाळी ओटा रिकामा असतो, तेव्हा काम होईल. एरंडेलाला हा हिशोब कुणी सांगितला नव्हता.

पहारा अर्धा सरला आणि पोटात पहिली मुरड आली.

मांडवात शांतता होती. गाव जेवून जागच्या जागी आडवं झालं होतं. वैजीनाथअण्णा टाळ हातात धरून डोळे मिटून बसले होते. मधूनच टाळ आपोआप वाजत. बन्सीधररावांनी इकडंतिकडं बघितलं. पुढच्या पहाऱ्याचे व्यंकटराव अजून घरीच, वीणा द्यावी असा माणूस जवळ नव्हता. अण्णांना उभं राहवत नव्हतं. आणि वीणा खाली टेकली तर सहा दिवसांचा सप्ताह मोडला. तो कुणामुळं मोडला, हे गाव पुढची पन्नास वर्षं पाव्हण्यांना सांगणार. फोन बाहेर पिशवीत. मांडवात मोबाईल आणू नये अशी पाटी त्यांनीच लावली होती.

वीणेकऱ्याला दुसरं बोलता येत नाही. नाम घेता येतं. बन्सीधररावांनी नाम घेऊन हाक मारली. "राम कृष्ण हरी!" अण्णा हलले नाहीत. "राम कृष्ण हरी!" मुरड वाढली तशी लय वाढली. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि आवाज असा की देवळामागची दगडाबाई झोपेतून उठून आली.

दगडाबाई म्हणजे गावातली भक्ती मोजणारी बाई. कोण कीर्तनात डुलक्या घेतं, कोण प्रसाद दोनदा घेतं, हे तिला ठाऊक. ती दारातच थांबली. तिनं बन्सीधररावांच्या गालावरून ओघळणारं पाणी बघितलं आणि तिचेही डोळे भरले.

"काय ही तल्लीनता, माय!" ती म्हणाली. "मी मेली आजपस्तोवर तुमाला दुकानदार समजत होते."

"दगडाबाई... राम कृष्ण हरी... व्यंकटरावाला..."

"बोलू नका, बोलू नका! लागलेली समाधी मोडू नका." तिनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, चांगला वेळ ठेवलं, आणि ही बातमी सांगायला पळत गेली.

बन्सीधररावांनी पायावर पाय चढवला.

"आबा."

मांडवाच्या बांबूआड ऋतिका उभी होती. कुणी नाही बघून आली असावी. तिनं त्यांच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"आबा, लागली का तुमाला?"

"तू इथं कामून आलीस? जा घरी," नामाच्या मधेच ते पुटपुटले.

"असे पाय केले की थांबती," ऋतिका म्हणाली. "पण जराच थांबती. मंग लय दुखतं."

बन्सीधररावांनी नातीकडं बघितलं. या विषयावर त्यांच्याशी इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. "पळ," ते म्हणाले. "व्यंकटकाकाला बोलव."

"काय सांगू?"

इथं बन्सीधरराव अडकले. खरं सांगितलं तर पोरगी ते व्यंकटरावांच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सांगणार. "सांग, की... आबांनी आठवण केली."

ऋतिका पळाली. व्यंकटरावांचं घर चार हाकांवर. बन्सीधरराव एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. बघणाऱ्याला ते नाचणं वाटलं असतं. ऋतिका परत आली.

"ते म्हणले, च्या टाकलाय, घेऊन येतो. आठवण केली तर बरं वाटलं म्हणले."

"घाई हाय म्हणून सांगितलं न्हाईस का?"

"तुमी घाई म्हणलाच न्हाई."

बन्सीधरराव तोंड उघडून काही म्हणणार होते. ते म्हणायचं राहिलं. चेहऱ्यावर आधी सुटकेचा भाव आला आणि लगेच मागोमाग दुसरा आला. धोतर मागून ओलं झालं, पायाशी सतरंजीवर डाग पसरला, आणि फुलांच्या, उदबत्तीच्या, बुंदीच्या वासात एक चौथा वास मिसळला. वीणा मात्र खांद्यावर होती. सप्ताह अखंड होता.

"मागं सरका," ऋतिका हळूच म्हणाली. "भिंतीला पाठ लावा. मंग मागून दिसत न्हाई."

बन्सीधरराव मागं सरकले. भिंत गार होती.

तेवढ्यात व्यंकटराव आले. एकटे नाही. दगडाबाईनं बातमी पोचवली होती, त्यामुळं मागं दहा-बारा माणसं तल्लीनता बघायला आली होती. व्यंकटरावांनी टोपी सारखी केली, पुढं झाले आणि रिवाजाप्रमाणं वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. अर्ध्यावर थांबले. नाक मुरडलं. खाली बघितलं.

"हे काय हो?"

मांडवात टाळही वाजेना. बन्सीधररावांच्या ओठांवर राम कृष्ण हरी तेवढं हलत होतं. आता काय होणार हे त्यांना दिसत होतं: दुकान, ओटा, आडनाव, सगळं या सतरंजीवर.

"माझी हाय," ऋतिका म्हणाली.

ती पुढं आली आणि डागावरच उभी राहिली. "माझ्यानं झालं. मी आबाला बोलवायला आलते."

गावाला खात्री करून घ्यावीशी वाटली नाही. पोरीचा फ्रॉक कुणी बघितला नाही, सतरंजीवरचा डाग एवढ्याशा पोरीला शोभतो का हेही नाही. दगडाबाईनं तिला दंडाला धरलं. "व्हय गं, देवाच्या दारात? एवढी घोडी झाली! तिच्या मायला कळू नाही का?" कुणी पाणी आणायला पळालं, कुणी गोमूत्र. व्यंकटरावांनी नाक धरून वीणा गळ्यात घेतली आणि म्हणाले, "बन्सीधरराव, तुमची समाधी बघा, पायाशी घाण झाली तरी हलला न्हाईत."

एक शब्द बोलायला तेवढा वेळ पुरला असता. बन्सीधररावांनी डोळे मिटून घेतले. लोकांनी ती नम्रता समजली.

सगळे पोरीच्या मागं बाहेर गेल्यावर ते भिंतीच्या कडेकडेनं निघाले आणि शेतातल्या बोअरवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं धोतर धुतलं, आणि ते अंगावरच वाळू दिलं.

घरी आले तेव्हा राजेश्री न्हाणीत ऋतिकाचा फ्रॉक हातात घेऊन उभी होती. फ्रॉक कोरडा होता. चड्डी कोरडी होती. घाण तळपायांना तेवढी होती. राजेश्रीनं सासऱ्यांच्या ओलसर धोतराकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. सुनेनं सासऱ्याला काही विचारायची पद्धत नाही. त्या दिवशी ती पद्धत बन्सीधररावांना फार लागली.

"सोमवारी परभणीला जाऊ," ते म्हणाले. "त्या डॉक्टरणीकडं."

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात महाराजांनी बन्सीधररावांच्या अश्रूंचा दाखला दिला. देह कुठं, भान कुठं, असं म्हणाले. नारळ आणि उपरणं देऊन सत्कार झाला. बन्सीधररावांनी दोन्ही घेतलं. ऋतिका घरी होती. तिला आता देवळाच्या ओट्यावरही बंदी झाली होती.

सोमवारी परभणीच्या दवाखान्यात गर्दी होती. आतल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्याच्या आतही एक बाकडं होतं. एकाला तपासतात तेव्हा पुढचा तिथं बसतो, म्हणजे वेळ वाचतो. बन्सीधरराव, राजेश्री आणि ऋतिका डॉक्टरीणबाईंसमोर बसले आणि बाकड्यावर पुढचा पेशंट येऊन बसला. ती प्रियांका होती, व्यंकटरावांची सून, कडेवर तापलेलं लेकरू.

"अगबाई, मामा! तुमीबी इथंच?" ती म्हणाली आणि कान देऊन बसली.

डॉक्टरीणबाई भराभर विचारत होत्या. संडासला रोज जाते का? खडा होतो का? रडते का? राजेश्री उत्तरं देत गेली. रोज जात न्हाई. जाते तेव्हा लय मोठा खडा, रडती. मधल्या दिवसांत चड्डी भरती.

"आणि तुम्ही काय दिलंत?"

"थांबायची गोळी," बन्सीधरराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ऋतिकाला झोपवून पोट दाबलं. डाव्या बाजूला खाली बोटं थांबली. "हिला जुलाब नाहीत, काका. हिचं पोट तुंबलंय. खडा आत अडकून बसलाय, आणि पातळ आहे ते त्याच्या कडेनं गळतंय. तिला कळतही नाही ते. तिच्या हातात नाही. आणि तुम्ही वरून थांबायची गोळी देत होतात."

बन्सीधररावांना ठिबकच्या नळीची सगळी माहिती होती.

"शाळेत जातेस का गं संडासला?"

"तिथं कुलूप आसतं," ऋतिका म्हणाली. "आन् घरी ओट्यावर माणसं."

"म्हणून धरून ठेवतेस?"

ऋतिकानं मान हलवली.

"शेवटची मोठी कधी झाली?"

राजेश्री काही बोलणार होती. ऋतिका आधी बोलली. "परवा. मांडवात."

"खडा की पातळ?"

"पातळ. लय झाली. सगळी सतरंजी भरली."

बाकड्यावरून प्रियांका म्हणाली, "व्हय डॉक्टर, लय झालती. आमच्या मामांनी बघितलं."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घातली. पुन्हा पोट दाबलं. "परवा एवढी झाली, आणि तरी आत एवढं? मग हे साधं दिसत नाही. आतड्याचं दुसरं काही असू शकतं. नांदेडला पाठवावं लागेल, तिथं खालून नळी घालून तपासणी करतील, कदाचित तुकडा काढतील." त्या चिठ्ठी लिहू लागल्या.

"नळी कुठून?" ऋतिकानं विचारलं.

कुणी सांगितलं नाही. तिला कळलं. तिनं पायावर पाय चढवला आणि तरीही ती काही बोलली नाही. राजेश्रीनं सासऱ्यांकडं बघितलं. या वेळी तिनं नजर खाली घेतली नाही.

"डॉक्टर," बन्सीधरराव म्हणाले.

"हं?"

"ती हिची नव्हती."

"काय?"

"मांडवातली. ती..." त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग बाकड्याकडं. प्रियांकानं लेकराला थोपटणं थांबवलं होतं. "ती माझी होती. मला होत न्हाई. लय वर्षांपासून. मी चूर्ण घेतलं होतं, वरून एरंडेल. हिनं आपल्यावर घेतलं. मी घेऊ दिलं."

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. डॉक्टरीणबाईंनी नांदेडची चिठ्ठी फाडली. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बन्सीधररावांना सोपं गेलं असतं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या कागदावर लिहू लागल्या. "ही पावडर पाण्यातून. आधी आतलं सगळं निघेपर्यंत जास्त, मग कमी करून बरेच महिने. चांगलं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. साबुदाणा बंद. भाज्या, फळं, पाणी. जेवण झालं की संडासला बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा, घाई नाही, कुंथायला लावायचं नाही. आणि रागवायचं तर मुळीच नाही." मग मान वर केली. "मी लहान मुलांची डॉक्टर आहे, काका. तुम्ही मोठ्यांच्या डॉक्टरला दाखवा. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, ते बघायला लागेल. एरंडेल पुन्हा नको. आणि त्या संडासाचं दार फिरवून घ्या."

पडद्याबाहेर पडताना मागून प्रियांकाचा आवाज आला. तिनं डॉक्टरांना तापाचं सांगायच्या आधी सासूला फोन लावला होता. "आत्याबाई, ऐका तर..."

एसटी स्टँडवर राजेश्री पाण्याची बाटली आणायला गेली. बन्सीधरराव आणि ऋतिका बाकावर बसले. पावडरीची पिशवी दोघांच्या मधे होती.

"आबा, आता समद्या गावाला कळंल."

"कळंल."

"आपुन पोचायच्या आधीच?"

"आधीच."

ऋतिकानं पाय हलवले. "मला चिडवतेत तसं तुमाला चिडवतील. ओट्यावर कुणी जवळ बसणार न्हाई."

गावाकडं नेणारी सेलूची गाडी लागली, माणसं दाराकडं धावली, आणि बन्सीधरराव जागेवरून हलले नाहीत.

"पैल्यांदा लय वाटतं," ऋतिका म्हणाली.

"आन् मंग?"

तिनं खरंच विचार केला.

"मंगबी वाटतंच," ती म्हणाली.